माझ्या आईचा आवाज तुम्ही कुणाला दिलात

बाई, तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदाच तुमच्याशी भांडायला बसले आहे.

मेळघाटातल्या आमच्या आश्रमशाळेत तुम्ही अमरावतीहून शिकवायला आलात. मी कोरकू बोलायचं टाळते हे लक्षात आल्यावर सगळ्या वर्गासमोर रागावलात, "आईच्या भाषेची लाज वाटते तुला?" त्या रागावण्यानंच मी मान वर करून बोलायला शिकले. मग तुम्ही घरी येऊ लागलात. आई चुलीवर कुटकीचा भात शिजवते आहे, तुम्ही टेपरेकॉर्डर तिच्यापुढे सरकवता आहात. ती गाते, हसते, पुन्हा गाते. फक्त मेलेल्या माणसाला निरोप देताना म्हणायचं गाणं ती देईना. तुम्ही फारच आग्रह केलात तेव्हा म्हणाली, "गाईन, बाई. पन हे बाजारात वाजू देजा नोको." तुम्ही तिचा हात धरलात. "माझ्याजवळच राहील." पुढे आई गेली, तेव्हा गावानं तिच्यासाठी तेच गाणं म्हटलं. तुम्हीही होतात तिथे, रडत.

गेल्या महिन्यात ड्यूटीला अकोल्याला जायला बडनेऱ्याच्या फलाटावर उभी होते. शेजारी धारणीकडचं एक कुटुंब. त्यांच्या फोनवर कोरकूत बियाण्याची जाहिरात चालली होती. शब्द कपाशीचे, चाल निरोपाची आणि आवाज माझ्या आईचा. दोन ओळींमध्ये ती घ्यायची तसा श्वाससुद्धा.

"कोन गाऊन राहिलं हे?" मी विचारलं.

"कोनी नाई, ताई. मशीन हाय," त्यांची सून म्हणाली.

टेपांवरून कोरकू बोलायला-गायला शिकलेलं ते मशीन बनवणाऱ्यांच्या अमरावतीच्या कार्यालयात गेले. वाटलं होतं, तुमच्यामागे कुणीतरी टेपा उचलल्या असतील. तिथला अधिकारी म्हणाला, "नाही मॅडम, बाईंनी स्वतः दिल्या. कशालाही वापरा म्हणाल्या." जाहिरात थांबवू म्हणे, पण मशीन जे शिकलं ते आता त्यातून काढता येत नाही. गावाला विचारलंत का, बाई? मला तरी? दर दिवाळीला तुमच्याकडे येत होते मी. तुम्ही मला करंजी वाढत होतात आणि गप्प राहत होतात.

परवा गावानं सभा घेतली. आमची गाणी, गोष्टी, झाडपाल्याची माहिती यापुढे गावाला विचारल्याशिवाय कुणी न्यायची नाही, असं ठरलं. ठराव मीच वाचला. तेव्हा एका म्हाताऱ्यानं कोरकूत विचारलं, "पण दिलं कुणी?" सगळे माझ्याकडे पाहू लागले.

माहीत नाही, मी म्हणाले. तुमचं नाव घेता आलं नाही मला.