वर्ष व्हायच्या आधी

११ नोव्हेंबर
सकाळी सहाला विजय नगरच्या मैदानावर. शीतल आणि पिंकी आधीच आलेल्या. आम्हा तिघींची बाळंतपणं जूनमध्ये एकाच वॉर्डात झाली, तेव्हाची ओळख. ठरलं असं: दोघींनी पळायचं, तिसरीने सतरंजीवर तिन्ही बाळं घेऊन बसायचं, मग बदली. आज मी नुसतीच बसले. पिंकी म्हणाली, "दीदी, अगली बार तुम्हारा नंबर. बहाना नहीं चलेगा, बता रही हूँ."

१३ नोव्हेंबर
सासूबाई म्हणाल्या, "वर्ष तर होऊ दे गं. कॉलनीतले काय म्हणतील? मार्चमध्ये नवरा गेला नि ही पळायला निघाली."
म्हटलं, कंबर धरते, डॉक्टरीणबाईंनीच पळायला सांगितलंय. खरं आहे, पण तेवढंच नाही. घरात बसून बसून मी पाच महिन्यांच्या जुईवर ओरडायला लागले आहे. परवा तिला पलंगावर जरा जोरातच ठेवलं. कोणाला सांगितलेलं नाही.

१७ नोव्हेंबर
जुने कपडे अंगात जात नाहीत. यांचा निळा टी-शर्ट काढला. मार्चपासून न धुता पिशवीत बांधून ठेवला होता. कधीमधी गाठ सोडून नाक लावायचे. आज घातला. दोन फेऱ्या पळाले. तिकडे जुई रडली, इकडे दूध आलं, पुढून सगळी ओली. शीतल म्हणाली, "चल यार, तिघी मिळून डेअरी टाकू!"
हसले. किती दिवसांनी.

१८ नोव्हेंबर
टी-शर्ट दोरीवर. सासूबाईंनी धुतला. "आंबट वास मारत होता गं."
नाक लावलं. साबण. बाकी काही नाही. ओरडले त्यांच्यावर, विचारायचं तरी! "मला काय माहीत, तू तसाच ठेवला होतास…" एवढंच म्हणाल्या आणि दोरीखालीच बसल्या. त्यांचा मुलगा तो.
चूक माझीच. घातला मी.

२४ नोव्हेंबर
तेव्हापासून गेले नाही. शीतलचे फोन उचलले नाहीत. शाळा आठवीत सुटली, वाचायला माझी मीच लागले, आता पुस्तकही धरवत नाही. एकच पान चारदा.
दुपारी जुई रडायची थांबेना. तिला सासूबाईंच्या मांडीवर अक्षरशः टाकलं आणि मोरीत नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तर त्या तिला थोपटत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या जा मैदानावर. बाळांपाशी मी बसते. लोकांचं मी बघते."

२५ नोव्हेंबर
सासूबाई शाल गुंडाळून सतरंजीवर, तिन्ही बाळं भोवती. पिंकी त्यांना लगेच अम्माजी म्हणायला लागली. आम्ही तिघी पहिल्यांदाच एकत्र पळालो. शेवटच्या फेरीत मी पुढे निघाले. शीतल मागून, "अगं, गाडी सुटतेय का तुझी?"
थांबले तेव्हा लक्षात आलं. अख्ख्या फेरीत हे एकदाही आठवले नाहीत. मार्चपासून असं कधी झालं नव्हतं.
"बरं वाटलं का गं?" सासूबाईंनी विचारलं. हो म्हटलं, आणि रडूच आलं. त्यांना वाटलं, पायात गोळे आले. तिथेच पोटऱ्या चोळायला बसल्या. मी चोळू दिल्या.
निघताना पिंकीने विचारलं, "कल भी छह बजे ना, दीदी?"
जुईचं टोपडं बांधत राहिले.