सूज उतरल्यावर

ती. आईला धाकट्याचा दुरूनच वाकून नमस्कार.

जिवाला धोका नाही, हे आधी वाच. महिन्यापूर्वी कामावर क्रेनचा हूक लागून डाव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. सूज होती तोवर डोळा जागेवर वाटायचा, म्हणून ऑपरेशनला मीच नको म्हणालो. सूज उतरली तसा डोळा आत गेला. डॉक्टर म्हणाले, "सुजेवर भुललात. आता ऑपरेशन केलं तरी पूर्वीसारखा होईल याची खात्री नाही."

वर पाहिलं की एकाचे दोन दिसतात, म्हणून मुकादम उंचावर चढू देत नाही. बाकी ठीक.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या घेतात ना?

फोनवर तू हसतेस, "सारखी एकच बाजू काय दाखवतोस, स्थळाला फोटो पाठवायचाय का?" कारण हे आहे.

शनिवारी पोचतो. स्टँडवर बाबांनाच पाठव. तू घरात बसून राहा. मी आलो की आधी माझा आवाज ऐक, मग तोंडाकडे बघ.

तुझाच,
धाकटा