लाल ओळ

३ मार्च, सोमवार

शाळेत ताई आणि मी एकाच बाकावर नकाशे रंगवायचो. भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर पाठीमागून म्हणायच्या, "रंग भरलेत, नावं कोण लिहिणार? असा नकाशा म्हणजे नुसता गालिचा!" आम्ही हसू दाबत बसायचो. पन्नास वर्षं झाली. आज हॉस्पिटलच्या औषधखिडकीत बसल्या बसल्या ते आठवलं.

सातव्या खाटेच्या बाईंना पेनिसिलिन चालत नाही. कॉम्प्युटरवर त्यांची ओळ लाल झाली होती म्हणे. मला ती बाकीच्या ओळींसारखीच दिसली. मी औषध मंजूर केलं — वर पाठवलं! नर्सने इंजेक्शन भरता भरता बाईंनाच विचारलं, म्हणून वाचल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच बजावलं होतं — आधी लाल रंग फिका पडेल, मग मधलं दिसेनासं होईल. कुणाला बोलले नाही. लेकीलाही नाही.

४ मार्च

प्रत्येक नाव तीनदा वाचते. रांग पार दारापर्यंत.

५ मार्च

प्रोग्रामर आली होती. माझ्या लेकीएवढी. म्हटलं, "नुसता रंग नको गं, शब्दांत लिही."

"अहो काकू, अख्खी ओळ लालभडक होते! आणखी काय, ढोल वाजवू?"

औषधविभागाचे साहेब शेजारीच उभे होते, हसले. "काकूंचं लक्ष नव्हतं, एवढंच."

तीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. खरं सांगितलं तर खिडकी जाते. गप्प बसले तर उद्या आणखी कुणीतरी —

६ मार्च

सुचलं! वॉर्डातली यादी जुन्या प्रिंटरवर छापतात. त्यावर रंग उमटतच नाही. तो कागद प्रोग्रामरपुढे ठेवला. "लाल ओळ दाखव बरं."

बोट वरून खाली, पुन्हा वर. "अगं बाई..." म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

आता ओळीच्या आधी ठळक खूण येईल, 'थांबा' असा शब्द, का थांबायचं तेही. कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कागदावरही तेच छापलं जाईल. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी डोळ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

१० मार्च, सोमवार

नवा इशारा सुरू झाला. सगळ्यांनी मोठ्याने वाचला. मला सुरुवातीचं 'थां' दिसलं आणि शेवटचं 'नाही'. मधे धुकं.

उद्यापासून खिडकीत बसणार नाही. किल्ली साहेबांना. सातव्या खाटेच्या बाईंना माझी चिठ्ठी — लक्ष होतं, दिसत नव्हतं, आणि ते मी लपवलं. डोळ्यांचा रिपोर्ट प्रोग्रामरला. म्हणावं, आता इशारा बोलता कर, तपासायला मी येईन. ही वही लेकीला. माझ्यासमोर वाच म्हणावं, रागावलीस तरी.