खडी, डांबर आणि ठकी

१ सप्टेंबर, सोमवार

ठकीला कॉलेज सोडायचंय! जेवताना सांगितलं – मीठ मागावं तशा सुरात.

का म्हणून विचारलं. म्हणाली, कंटाळा येतो. कुठल्या विषयाचा? तर ताटातला भात चिवडायला लागली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंदा तिला 'रस्तेबांधणीचे साहित्य' शिकवणारा इसम म्हणजे मीच! पोटची पोर माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसते आणि कंटाळते. दुसऱ्यांच्या पोरांना इतकी वर्षं कंटाळा आणला, कुणी तोंडावर बोललं नाही. शेवटी हा घरचाच आहेर.

सिव्हिलला घातलं तेही मीच. काय हवंय विचारलं की "माहीत नाही" म्हणायची. ज्याला माहीत नाही त्याने बापाचं ऐकावं, असा माझा साधा सरळ हिशोब.

हिने, म्हणजे ठकीच्या आईने, नेहमीप्रमाणे मध्यस्थी केली. महिनाअखेरपर्यंत ठकीने एकही तास चुकवायचा नाही. तीस तारखेलाही नकोच वाटलं तर नाव काढून घेण्याच्या अर्जावर मी सही करायची – एक अक्षर न बोलता. दोघांनी कबूल केलं. एक अक्षर न बोलणं मला जमेल का, या विचाराने ही बराच वेळ एकटीच हसत होती.

३ सप्टेंबर, बुधवार

आज नोट्स सांगता सांगता पहिल्यांदा वर्गाकडे नीट पाहिलं. "खडीचा कठीणपणा म्हणजे –" एवढ्यातच शेवटच्या बाकावरचा लंबू आडवा. तो कायमच झोपतो, ते सोडा. पण पहिल्या बाकावरची चष्मेवाली, जी दरवर्षी पहिली येते, तीही पेंगत होती! ठकी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर नुसती भिंत आहे.

फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी रोडरोलर काढलेला. खाली लिहिलेलं – हळू चालतो, सगळ्यांना सपाट करतो. मी विचारलं, हे कोण? अख्ख्या वर्गाच्या माना खाली.

घरी ठकीला विचारलं. म्हणाली, "बाबा, आम्ही यायच्या आधीपासून आहे ते नाव. मला वाटलं तुला माहितीये."

माहीत नव्हतं. चित्र मात्र छान होतं, चाकं वगैरे बरोबर.

४ सप्टेंबर

ठरलं! नोट्स कपाटात. आता सगळं हाताने करून बघायचं. पोरं करतील, मीही करीन. ठकी काय, लंबूसुद्धा जागा होईल. घोडामैदान जवळच आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

दोन घमेली नेली. एकात नदीतले गोल गुळगुळीत गोटे, दुसऱ्यात फोडलेली खडी, कोपरेवाली. रस्त्याला काय घ्याल? सगळ्यांनी गोट्यांकडे बोट दाखवलं. चष्मेवालीचं म्हणणं, गोट्यांना धार नाही, टायर फाटणार नाहीत. मला आतून उकळ्या फुटत होत्या – सगळे बरोबर फसले होते.

मग पोरांनी दोन लाकडी चौकटींत ते ओतलं, ठोकून ठोकून बसवलं आणि चौकटी काढल्या. आधी मी खडीवर उभा राहिलो. जराही हलली नाही. कोपऱ्यात कोपरा अडकतो, म्हणून एकमेकींना धरून राहते. मग ऐटीत गोट्यांवर पाय ठेवला. "आणि आता नीट बघा –" एवढं उभ्याने बोललो. पुढचं सगळं बसून बोललो.

गोटे वर्गभर. माझा चष्मा बाकाखाली. पण मुद्दा पोहोचला म्हणजे काय, नुसता पोहोचला नाही, आदळला! आणि ठकी हसली. तोंडावर हात धरून, पण हसली. अशी ती शेवटची कधी हसली होती मला आठवत नाही.

हिने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. म्हणाली, रोज पडणार असाल तर तसं सांगा, पाणी तापवूनच ठेवते.

९ सप्टेंबर

कंबर. बाकी काही नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

प्रयोगशाळेतली शेगडी बिघडलेली. दुरुस्त करून घ्यायची तर विभागप्रमुख बाईंची परवानगी लागते, आणि त्या आधीच विचारतात की तुमच्या वर्गातून हल्ली धडाधड आवाज का येतात. म्हटलं, कशाला? घरी गॅस आहे, ही बाहेर गेलीय, थोडंसं डांबर पातळ करून बघायला कितीसा वेळ लागतो!

डांबर छान वितळलं. तो भाग यशस्वी. पातेलं कुठलं घेतलंय ते मी पाहिलं नव्हतं. हिच्या आईने दिलेलं.

ही आली. दारातच थांबली. वास घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं. पातेल्यात बघून म्हणाली, "आता यातच तुमचा चहा होईल." आणि आत निघून गेली. हवा यावी म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून बसलोय. ठकी नाकाला ओढणी लावून अभ्यास करतेय. कुठल्या विषयाचा ते विचारायची हिंमत झाली नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शेगडी एकदाची दुरुस्त झाली. आज बरण्या. प्रत्येक गटाला दोन, मलाही दोन. एकीत धुऊन वाळवलेली खडी, दुसरीत धूळ लागलेली. दोन्हींवर सारखंच डांबर चढवायचं, वर गरम पाणी ओतायचं आणि उद्यापर्यंत ठेवून द्यायचं. काय होतं ते मी सांगितलं नाही. मोठ्या मुश्किलीने नाही सांगितलं!

लंबू जागा होता. ठकीने बाह्या सरसावून खडी घोळवली. नाकावर डांबराचा ठिपका घेऊन घरी आली. तो ठिपका बघून मला इतकं बरं वाटत होतं!

१७ सप्टेंबर, बुधवार

मी गाढव आहे. हे ठळक अक्षरांत लिहायला हवं.

सकाळी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत गेलो. ठकीच्या टेबलावरच्या एका बरणीत खडी उघडीबोडकी, डांबर सुटून तळाशी. म्हटलं, पोरीने एवढं मनापासून केलं आणि बिघडलं! आता पुन्हा म्हणेल, हे आपलं काम नाही. इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या बरणीतली खडी काढून माझ्या बरणीतली काळीभोर चांगली खडी तिच्यात टाकली. चोरी करायची सवय नाही, सदरा भिजला.

तास सुरू झाला. सगळ्या गटांच्या धुळीच्या बरण्यांत डांबर सुटलेलं. सुटणारच! धूळ डांबराला दगडापर्यंत पोहोचूच देत नाही. तेच तर दाखवायचं होतं. फक्त ठकीच्या धुळीच्या बरणीत खडी काळीकुळकुळीत. बरणीवर 'धूळ' अशी चिठ्ठी होती. पलीकडच्या बाजूला. मी वाचली नाही.

लंबू उठून उभा राहिला. "सर, म्हणजे धुळीने काही फरक पडत नाही?" आयुष्यातला त्याचा पहिला प्रश्न, आणि तो मी बिघडवलेल्या प्रयोगावर!

सांगावंच लागलं. सगळ्या वर्गासमोर सांगितलं, की बरणीतली खडी मी बदलली, प्रयोग बरोबर होता, चूक माझी. वर्ग गडाबडा लोळला. ठकी नाही हसली.

घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, माझं चुकलं तर चुकू दे ना." बस, एवढंच.

१९ सप्टेंबर

अबोला. माझ्याशी तिचा, आणि पातेल्यावरून हिचाही. घरात मी आणि पंखा.

२४ सप्टेंबर, बुधवार

काय दिवस होता!

डांबराचे तीन डबे. एक बर्फात, एक तसाच, एक कोमट पाण्यात. प्रत्येकात सारख्या वजनाखाली दाभण रोवायचं आणि किती रुतलं ते मोजायचं. कोमट डब्यात दाभण सरकन आत, मधल्यात थोडं, बर्फातल्यात जवळपास नाहीच. पोरं भांडायला लागली – मग रस्त्याला कडकच डांबर बरं की! मला तेच हवं होतं. मी बर्फातलं डांबर डब्यातून काढलं, फरशीवर ठेवलं आणि हातोडा हाणला. काचेसारखे तुकडे उडाले! मग चष्मेवाली हळूच म्हणाली, म्हणजे थंडीत रस्ता असा तडकतो?

पुढे काय झालं मला धड आठवत नाही. फार कडक असलं तर थंडीत तडकतं, फार मऊ असलं तर उन्हात वाहतं, मग मधलं कसं निवडायचं – आम्ही सगळे फरशीवर बसून बोलत होतो. घंटा होऊन गेली तरी कुणी उठेना. विभागप्रमुख बाई बघायला आल्या, तर एक तुकडा त्यांच्या चपलेला चिकटला. त्याही मग थोडा वेळ थांबल्या.

घरी आल्यावर लक्षात आलं, आज ठकीकडे बघायलाच मी विसरलो. तिथेच होती ना ती? होती. येताना बरोबरच आलो. वाटभर मीच बडबडत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती.

२६ सप्टेंबर

अबोला संपला! ठकी आपणहून खोलीत आली. विचारलं, तुला हे सगळं पहिल्यापासून आवडायचं का? मी म्हटलं, नाही गं, मलाही आत्ताच कळतंय. ती बराच वेळ बसली होती.

जिंकलो वाटतं. हिला सांगितलं. हिने चहा दिला, आणि तोही चांगल्या पातेल्यातला.

३० सप्टेंबर, मंगळवार

ठकीने अर्ज पुढे ठेवला. मी एक अक्षर बोललो नाही. तीच बोलली.

"त्या दिवशी हातोडा मारताना तू कसा दिसत होतास, तुला नाही माहीत. काम आवडतं तेव्हा माणूस असा दिसतो, हे मला माहीतच नव्हतं बाबा. मला तिथे तसं एकदाही झालं नाही. कशाने होईल, ते आता मला शोधायचंय."

सही केली. मग इथे येऊन पोटभर रडलो. उद्या वर्गात सिमेंट आहे, तिसऱ्या बाकावर ती नसेल – आणि तरी मला उद्याची घाई झालीय.