धोंड्याच्या महिन्यात संडास

११ मे १९९९, मंगळवार. बेलापूर
इतिहासाने नोंद घ्यावी: आज सलग तिसऱ्या दिवशी मला स्टीलच्या पेल्यातून चहा प्यावा लागला. ओठ भाजला. घरातले बशीवाले सगळे कप कंत्राटदारांच्या सेवेत. येणारा प्रत्येकजण सोबत दोन माणसं आणतो, ती काहीच बोलत नाहीत, फक्त पितात.

बांधायचं काय, तर एक संडास. मागचं अंगण ओलांडून, तीन पायऱ्या चढून जायचा जुना आहे. सासूबाई शिवरात्रीच्या सुमारास तिथेच घसरल्या. गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसणं बंद. म्हणून कोठीच्या खोलीवरचे पत्रे काढायचे, स्लॅब टाकायचा आणि घरातल्या घरात संडास-न्हाणी करायची. खुर्चीसारखं बसता येईल असं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. कोणी बांधायचं म्हटलं की...

आजचे नगरहून आलेले. पांढरे बूट. रंगीत चित्रांची फाईल.
"मॅडम, हे फ्रंट एलिव्हेशन बघा."
"अहो, संडासाला फ्रंट कुठलं?"
रागावून गेले. चहा मात्र संपवून.

१२ मे
आज लक्षात आलं. सा.बाईंच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या सकाळी तसाच्या तसा. विचारलं तर, "तहानच न्हाई लागत." मे महिन्यात. बेलापुरात.
दुपारी चारनंतर पाणी पीतच नाहीत त्या. अंधारात अंगण ओलांडायला नको म्हणून. तीन महिने चाललंय हे आणि मी घरात वावरणारी बाई! जीभ कोरडी पडलेली दिसते बोलताना. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "लवकर काहीतरी केलं पाहिजे." आणि पेपर उघडला.

१३ मे
श्रीरामपूरहून शैलावन्संचा फोन. ह्यांची थोरली बहीण.
"घरात कंत्राटदार असताना बाहेर कशाला शोधता रे? हे करतील की!"
'हे' म्हणजे आमचे दाजी. आमचे हे लगेच, "दाजी आहेत म्हटल्यावर प्रश्नच मिटला."
प्रश्न तिथेच सुरू झाला. दाजी माणूस सोन्यासारखा, स्लॅब चाळणीसारखा. त्यांच्या स्वतःच्या घरात पावसाळ्यात टीव्हीवर छत्री धरलेली मी पाहिली आहे. शेजारी त्यांच्याच भावाचं घर, तिथे पातेली.
शिवाय कंत्राटदाराला झापावं लागतं. जावयाला पाट मांडून वाढावं लागतं. एकाच माणसाशी दोन्ही कसं करणार? हा प्रश्न ह्यांना विचारला. म्हणाले, "बघू."

१५ मे, शनिवार
दाजी येऊन गेले. कोठी वितीने मोजली. आमरस तीन वाट्या.
मग म्हणाले, "उद्यापासून धोंडा लागतोय. अधिक महिन्यात नवं काम कोणी धरत नाही. निज ज्येष्ठात नारळ फोडू."
म्हणजे जूनच्या मध्यानंतर. म्हणजे पावसात. म्हणजे दिवाळीला. 
आतल्या खोलीतून सा.बाईंनी सगळं ऐकलं. मी पाणी नेलं, तर फक्त ओठ ओले केले.

१७ मे
माझा नियम: कंत्राटदाराबद्दल घरमालकाला विचारू नये, घरमालकिणीला विचारावं. मालकाला फक्त किती पैसे वाचले ते आठवतं.
कुलथेबाई (आमच्याच शाळेत गणिताला) यांची न्हाणी गावातल्या साळवेंनी केली. गेले.
"माणूस कसा आहे?"
"भांडतो."
"वेळेवर येतो?"
"वेळेवर येतो आणि वेळेवर भांडतो."
मग बाईंनी बादलीभर पाणी फरशीवर ओतलं. आम्ही दोघी पदर खोचून उभ्या, देवळात उभं राहावं तशा. पाणी जाळीकडे गेलं. दाराकडे एक थेंब नाही. बेलापुरातल्या एकाही न्हाणीत हा चमत्कार मी बघितला नव्हता.

१८ मे
साळवे आले. एकटे! बुद्धविहारामागे राहतात. आवाज असा की शेजारच्यांना वेगळं सांगायची गरज उरली नाही. कोठी बघितली, भिंतीवर बुक्की मारली, आकडा सांगितला.
हे म्हणाले, "थोडं कमीजास्त..."
"जास्त व्हईल. कमी न्हाई."
मी अधिक महिन्याचं विचारलं.
"बाई, आमच्यात धोंडा-बिंडा काय न्हाई. तुमच्या धोंड्यापायी सगळ्या गावाची कामं बंद, माजे मिस्त्री बसून हायेत. म्हनाल तर आठवड्यात भिंत फोडतो. नंतर मी सापडनार न्हाई, आत्ताच सांगतो."
मला माणूस पसंत. ह्यांचं डोकं दुखायला लागलं. एकीकडे धर्म, दुसरीकडे दाजी.

१९ मे
घरात शास्त्रार्थ. संडास हे शुभकार्य आहे की नाही? ह्यांचं मत: बांधकाम ते बांधकाम. माझं मत: मुहूर्त काढून कोणी तिथे जात नाही. निकाल नाही.
खरी भीती धोंड्याची नाहीच. शैलावन्सं बोलणं टाकतील ही. रविवारी दोघं धोंड्याच्या जेवणाला येणार आहेत. तिथे काय ते...

२३ मे, रविवार
दाजींना ओवाळलं. कापड दिलं, दिवा ठेवून अनारशांचं वाण दिलं. पुरण भरलेले धोंडे, वर तूप.
दुसरा धोंडा फोडताना वन्संनी काढलंच. "मग काय रे, निजात धरायचं ना काम?"
हे वाटीतल्या तुपाकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या सा.बाई:
"शैले, जावई म्हंजी नारायन. आत्ता ओवाळलं न्हाई का त्येला? त्येच्याकडनं सासूनं संडास बांधून घ्यायचा?"
"अगं आई, घरचं माणूस आहे म्हणून..."
"घरचं हाय म्हनूनच. लेकीच्या घरचं पानी पिताना इचार करतो आमी. जावयाला द्यायचं आसतं. त्येच्याकडनं घ्यायचं नसतं. माजा संडास परका मानूस बांधंल."
आता वन्सं नारायण झालेल्या नवऱ्याला घमेल्याकडे परत कसं ओढणार? 
दाजी म्हणाले, "आईंचं बरोबर आहे." इतक्या लगेच, की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चेहरा असा, जणू तापातून उठलेला माणूस. आणखी तूप मागितलं.
ह्यांनी शेवटची शंका काढली. "पण आई, धोंड्यात काम...?"
"जुन्या कोठीची दुरुस्ती हाय ती, नवं काय त्यात? आन् पोट काय धोंडा बघून थांबतं व्हय?"
हात धुताना दाजी हळूच, "वहिनी, सुटलो. दोन साईटी अंगावर आहेत. हिनं परस्पर शब्द दिला, मी नाही कसं म्हणणार?"
म्हणजे सगळं घर दहा दिवस एकमेकांची भीड सांभाळत होतं, आणि कोरडी राहिली एक म्हातारी.
संध्याकाळी साळवेंना निरोप. किती दिवसांनी जेवण पचलं.

२५ मे
भिंत फोडली. धूळ डाळीत, धूळ अंथरुणात. दार कुठल्या अंगाला उघडायचं यावरून साळवे आणि मी कडाडून भांडलो. ते जिंकले. सा.बाई अंगणात बाज टाकून मुकादमगिरी करताहेत.

३१ मे
संडासाचं भांडं आलं, अजून बसवलेलं नाही. सा.बाईंनी लांबूनच बघितलं. "यवढं पांढरं? बसवंल का त्येच्यावर?"
साळवे वरून ओरडले, "आजी, पानी प्या तुमी. मी हाय."
रात्री तांब्या अर्धा रिकामा. अजून अंगण ओलांडायचं आहेच, मी कंदील घेऊन सोबत जाते. पण अर्धा रिकामा!

४ जून, शुक्रवार
स्लॅब अडला. वाळू मिळेना. प्रवरेतून उपसा बंद आहे म्हणे. साळवे सकाळपासून जगावर ओरडताहेत. पश्चिमेला ढग.
दुपारी दारात ट्रॅक्टर, ट्रॉलीभर वाळू. मी मागवली नव्हती, साळवेंनीही नाही.
ड्रायव्हर म्हणाला, "श्रीरामपूरहून आलोय. कुनी धाडली ते कुनाला सांगू नका म्हनलेत."
"मग मला का सांगताय?"
"तुमालाच तेवढं सांगा म्हनलेत. शैलाबाईंना कळू द्यायचं न्हाई, आन् आजींना तर मुळीच न्हाई."
बोलेपर्यंत ट्रॉली उलटली होती. साळवेंनी मूठभर उचलून चोळली. "माती हाय जरा. चाळावी लागंल. पन भागंल."
परवा स्लॅब, पाऊस लांबला तर. गळेल की नाही, ते पाऊसच सांगेल.
सा.बाई बाजेवर डोळे मिटून होत्या. जावयाकडून काही घ्यायचं नसतं, आणि घेतलं तर गेलेलं होतं. आत जाऊन उरलेले अनारसे डब्यात भरले, वर खसखशीकडची बाजू येईल असे नीट लावले. ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवला डबा. "शेटच्याच हातात द्या. बाईंच्या नको."
ट्रॅक्टर वळला तशा सा.बाई डोळे न उघडता, "कोन आलं हुतं?"
"वाळूवाला," मी म्हटलं.