पहिल्या गावची विहीर

वारजे, पुणे ५८
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय बापूराव यांस,
दशरथचा सप्रेम जयभीम.

आपली प्रकृती उत्तम असावी. गुडघ्याचं कसं आहे? आपली लेक कल्याणी मागे फोनवर म्हणाली, की आपण हल्ली सकाळचं फिरणं सोडलंय आणि रविवारी तर खुर्चीतून उठतसुद्धा नाही. मुख्याध्यापक म्हणून जन्मभर उभं राहिलेल्या माणसाला बसण्याचा पूर्ण हक्क आहे, तरी गुडघ्याला हालचाल लागते, एवढं सांगणं व्याही या नात्याने माझं कर्तव्य समजतो. विहीणबाईंना आमचा नमस्कार. इकडे सुंदराबाई ठीक आहे, म्हणजे माझ्यावर रागावलेली आहे. पत्र लिहायला विशेष कारण असं काही नाही. (व्याह्याने व्याह्याला विनाकारण पत्र लिहू नये असा काही कायदा नाही. असता तर आपण तो पाळला असता, अशी आपली शिस्त मला ठाऊक आहे.)

अभयला कंपनीने अमेरिकेत सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, त्याला आता चौथं वर्ष लागलं. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी संध्याकाळी, त्याचा फोन येत असे. जेवलात का, गोळ्या घेता का, आईला द्या. एवढ्यात आमचं बापलेकाचं बोलणं संपायचं. त्यात त्याचा दोष नाही. मी पाटबंधारे खात्यातला माणूस, खडकवासल्याच्या कालव्यावर नोकरी काढली. पाणी किती सोडायचं हे मला कळतं, बोलणं किती सोडायचं हे कधी जमलं नाही. मग मागच्या खेपेला तो आला तेव्हा त्याने माझ्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिला आणि म्हणाला, "बाबा, नुसत्या बातम्या बघत बसू नका, आपण दोघं मिळून खेळत जाऊ." मी नाही म्हणणार होतो. पण 'आपण दोघं' हे शब्द त्याच्या तोंडून दहावीच्या निकालानंतर मी ऐकले नव्हते.

आता हा खेळ म्हणजे काय, ते आपल्याला सविस्तर सांगायला हवं, कारण शिक्षकी पेशातल्या सभ्य माणसाला असल्या गोष्टी कशाला ठाऊक असणार. (त्याचं नाव इंग्रजी आहे, ते लिहिताना माझा हात अडतो, म्हणून नुसतं 'खेळ' म्हणतो.) तर इंटरनेटवर एक देश आहे. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून त्या देशात एकाच वेळी हिंडतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कुणी तिरंदाज होतो, कुणी मांत्रिक, कुणी जखमा भरणारा वैद्य. अभय तिरंदाज. मी ढालकरी झालो, कारण त्याचं काम पुढे उभं राहून मार खाणं, आणि सरकारी नोकरीत त्याचा भरपूर सराव झालेला. सगळे एका पहिल्या गावात विहिरीपाशी जन्माला येतात. तिथून रानडुकरं मारत मारत अनुभव गोळा करायचा, अनुभव साठला की पातळी वाढते, पातळी वाढली की पुढच्या गावात जायचं. सुंदराबाई चहा आणून ठेवताना म्हणाली, "डुकरं मारायला निवृत्त झालात होय?" उत्तर देत बसलो की डुक्कर चावतं.

पण बापूराव, त्या रानात माझा मुलगा बोलायला लागला. म्हणजे टाइप करायला लागला, पण बोलणंच ते. बाण मारता मारता सांगायचा, की नवीन साहेब त्रास देतो, की पाठ दुखते, की बर्फ पडलं की घरातून बाहेर पडावंसं वाटत नाही, की आईच्या हातची चवळीची आमटी आठवते पण तिला सांगू नका, ती रडत बसेल. फोनवर तो माझी चौकशी करायचा, रानात स्वतःचं सांगायचा. अख्खा पावसाळा आम्ही एका जुन्या किल्ल्यावर चढाया करून मला एक ढाल मिळवली. तिच्याहून चांगली ढाल त्या देशात नव्हती. कुणी परका रस्त्यात थांबून ती बघायचा, तेव्हा मी उगीचच वळून उभा राहायचो, नीट दिसावी म्हणून. माझ्या निवृत्तीच्या समारंभातही माझ्याकडे इतकं कुणी बघितलं नव्हतं.

आणि मग कंपनीने देश वाढवला.

हे वाढवणं मला अजून पचलेलं नाही. आमच्या खात्यात एखादं काम वाढायचं ते अपुरं राहिलं म्हणून. मुदतवाढ मागायची, साहेबांनी ओरडायचं, शेवटी एकदा काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला, की त्या कालव्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही (दुरुस्तीसाठीसुद्धा नाही, पण तो विषय वेगळा). इथं उलटं. खेळ बाजारात आला तेव्हा तो पुरा होता असं माझं प्रामाणिक मत आहे. गावं होती, रानं होती, किल्ला होता. पण आमच्या वरच्या मजल्यावर अपेक्षा नावाची मुलगी राहते, हिंजवडीला कामाला जाते, ती हाच खेळ खेळते. तिने मला समजावलं, की लोक सगळ्यात वरच्या पातळीला पोचले की कंटाळतात, कंटाळले की सोडून जातात, म्हणून दर आठवड्याला थोडी डागडुजी आणि दीड-दोन वर्षांनी एक अख्खा नवा प्रदेश जोडायचा. पातळीची मर्यादा वर न्यायची, नवी सोंगं काढायची, नवी शस्त्रं, नवे राक्षस. लोक पुन्हा धावायला लागतात. मी विचारलं, मग जुन्या प्रदेशाचं काय? ती म्हणाली, "काका, चिल. ओल्ड कंटेंट आता कोण करतं? ती ढाल विकून टाका. नवीन मॅपवर पहिल्याच लांडग्याकडून याच्यापेक्षा भारी ढाल पडते."

लांडग्याकडून. तो लांडगा ढाल घेऊन कशाला हिंडतो, हे मी विचारलं नाही. मी घरी येऊन वर्तमानपत्र उघडं धरून बसलो.

शहराचंही असंच चाललंय म्हणा. आम्ही वारज्यात फ्लॅट घेतला तेव्हा रिक्षावाले यायला तयार नसत; म्हणत, तिकडून परत यायला गिऱ्हाईक मिळत नाही. आता कुणी वारज्याचं नाव काढत नाही, जो तो मांजरी गावात ऊस काढून उभ्या केलेल्या इमारतींच्या जाहिराती दाखवतो. ज्या धरणाचं पाणी मी जन्मभर सोडलं ते माझ्या नळाला तासभर येतं. खेळाच्या कंपनीचं एवढं मात्र मानायला हवं, की त्यांनी नवा प्रदेश उघडला तेव्हा तिथले रस्ते आधी तयार होते.

तर त्या नव्या प्रदेशाला एक दरवाजा आहे. जुन्या देशातली सगळ्यात वरची पातळी गाठल्याशिवाय तो उघडत नाही. अभय कधीच गाठून बसला होता, मी अजून बराच खाली. नवा प्रदेश उघडला त्या रविवारी अभय म्हणाला, "बाबा, मी जरा बघून येतो, तुम्ही पटापट वर या." गेला. आता मी दर रविवारी पहिल्या गावच्या विहिरीपाशी उभा असतो. गाव ओस पडलंय. सराईवाला आणि लोहार तेवढे आहेत, ती यंत्राची माणसं. सराईवाला मला दर वेळी म्हणतो, 'नवख्या, तुझं स्वागत असो.' मी त्या गावात त्याच्याइतकाच जुना झालो, तरी म्हणतो. अभयचा निरोप येतो, पाच मिनिटांत येतो बाबा. पुढचा निरोप पुढच्या रविवारी.

एकदा आला, खोटं कशाला बोलू. पंख असलेल्या कसल्याशा जनावरावर बसून आला आणि मी तलवार उपसेपर्यंत रानातली सगळी डुकरं एकट्याने मारून मोकळा झाला. त्याचा काही उपयोग नव्हता. वरच्या पातळीच्या माणसाने मारलं की खालच्याला अनुभव मिळत नाही, असा तिथला नियम आहे. (मला तो नियम घरात फार पूर्वीपासून लागू आहे.) वर मला जुने कपडे देऊन गेला, दिवाळीत कामवाल्यांना देतात तसे. पाठ कशी आहे म्हणून मी विचारलं, तर 'ठीक' एवढंच. त्याचं लक्ष पलीकडच्या सोबत्यांकडे होतं. परत ये, माझ्यासाठी खाली उतर, असं बापाने मुलाला कसं म्हणायचं? अमेरिकेला जातानाही मी म्हटलं नव्हतं.

मला सगळ्यात राग येतो तो त्याच्या टोळीतल्या एका वैद्याचा. लांब पांढरी दाढी, निळी कफनी, हातात काठी. अभयच्या तोंडी सतत त्याचं नाव. ते फार शांत आहेत बाबा, ते मागे उभे असले की मरायची भीती नाही, ते मला साहेबाशी कसं वागायचं ते सांगतात. माझ्या मुलाला साहेबाशी कसं वागायचं ते एक दाढीवाला सांगतो. मी तीन साहेब निवृत्त होताना पाहिले, मला कुणी विचारलं नाही. कुणीतरी बिनकामाचा, घरात किंमत नसलेला, फुकट उपदेश करायची खोड असलेला म्हातारा असणार, असं माझं मत झालं आणि ते मी सुंदराबाईला अनेकदा बोलूनही दाखवलं.

असो. पत्र फार लांबलं. आपला वेळ घेतला. गुडघ्याला कोमट तेल लावत जा, आणि इकडे येणं झालं तर वारज्याला उतरल्याशिवाय जाऊ नका. रिक्षा आता येतात.

आपला व्याही,
दशरथ

ता. क. १. तो वैद्य तुम्ही आहात हे मला गुरुवारी कळलं. कल्याणीच्या तोंडून निघून गेलं, तिला रागावू नका. वरचा मजकूर त्यामुळे खोडायला हवा होता, पण मी शाईने लिहितो आणि खाडाखोड मला आवडत नाही. तसाच ठेवला आहे.

ता. क. २. आता मुद्द्याचं. अपेक्षाने सांगितलं, की वरच्या पातळीचा वैद्य टोळीत न शिरता नुसता मागे उभा राहून जखमा भरत राहिला, तर मारणाऱ्याचा अनुभव मारणाऱ्यालाच मिळतो. तेव्हा अभय यायच्या आधी तुम्ही रोज थोडा वेळ खाली उतरून माझ्या मागे उभे राहाल का? मी मुलाचा बाप आहे आणि मुलीच्या बापाकडे मी काही मागितलेलं नाही, हे तुम्हीही मान्य कराल. आपलं बौद्ध पद्धतीचं लग्न, मानपान नको असं मीच सांगितलं होतं. नको म्हटलं म्हणून तुम्ही खरोखरच केला नाहीत, आणि जो एक फेटा आणलात तो इतका लहान, की प्रत्येक फोटोत मी तो एका हाताने धरून उभा आहे. तुमच्याकडे एखादं जास्तीचं शिरस्त्राण असेल तर आणावं. त्या देशात ते कुणाच्याही डोक्याला बसतं म्हणे. फेट्याचा विषय मी पुन्हा काढणार नाही.

ता. क. ३. अभयला यातलं काही सांगू नका. दरवाज्यातून आत येताना मी एकटाच आलो, असं त्याला वाटू द्या. आणि मी पोचल्यावर पहिले दोन-तीन रविवार तुमचा गुडघा दुखला तरी चालेल.

ता. क. ४. अपेक्षा म्हणते, कंपनीने पुढच्या प्रदेशाची घोषणा केली आहे. पातळीची मर्यादा आणखी वर जाणार. मुलं धावतील, तुमच्या गुडघ्यांना ते जमेलसं दिसत नाही. येताना विहिरीची जागा नीट बघून ठेवा.