सहाशे बारा नग

४ ऑक्टोबर, सोमवार

कॉम्प्युटर आजारी पडला. सकाळी चालू केला तर आतून टक्-टक् आवाज. घड्याळासारखा — पण घड्याळाला निदान ताल असतो! अर्धा तास पडद्यावर नुसतं गोल फिरत बसलं, मग एकदाचा उघडला. भीतीने बंदच केला नाही. जेवलो तेही त्याच्यासमोर ताट घेऊन.

लेकीला फोन लावला. म्हणाली, बाबा, हार्ड डिस्क चाललीय. सगळे फोटो त्यातच आहेत ना? हो म्हणालो. दुसरीकडे कुठे ठेवलेत? नाही म्हणालो. आणि अल्बम तर — म्हणून तिने वाक्य अर्धं सोडलं. का सोडलं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं.

मागून हिचा आवाज येत होता. नातीला भरवत असावी — एवढा एकच घास, शहाणी ना तू, असं चाललं होतं. लेक म्हणाली, आईला देऊ? म्हटलं, राहू दे, कामात आहे ती.

५ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचायला येतंय!

रिटायर झाल्यावर घरातले चौदा अल्बम मी स्कॅन केले. दोन वर्षं लागली. चार हजारांवर फोटो, प्रत्येकाला नंबर. आणि मग अल्बम रद्दीत घातले. दमट झाले होते, पानं चिकटली होती, कपाटाचा एक अख्खा खण अडवून बसले होते. ही दारात उभी राहून म्हणाली होती, "अहो, ते टाकू नका." मी म्हणालो, एकाच मालाच्या दोन-दोन प्रती कशाला? ती आत निघून गेली. ही काही बोलत नाही, हीच तर सगळी पंचाईत आहे.

चार महिन्यांनी नात झाली. ही महिनाभरासाठी म्हणून लेकीकडे गेली. त्याला आता चौदा महिने झाले. "येणार नाही" असं तिने म्हटलेलं नाही. "कधी येणार" असं मी विचारलेलं नाही.

तीस वर्षं वजनमापांचा निरीक्षक होतो मी. दुकानादुकानात जाऊन काटे तपासले. एका काट्यावर कधी विश्वास टाकला नाही, दुसऱ्यावर ताडून बघितल्याशिवाय शिक्का मारला नाही. ऑफिसात माघारी मला "काटेकोर" म्हणायचे. आणि घरचं सगळं एका डब्यात घालून बसलो. वा रे काटेकोर!

७ ऑक्टोबर, गुरुवार

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवतात. चष्मा डोक्यावर, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि चष्मा कुठे गेला म्हणून टेबलावर शोधत होत्या. मी सांगितला कुठे आहे तो. तिथून ओळख झाली.

सगळ्यांत भरवशाची डिस्क कोणती, विचारलं. तीन काढून ठेवल्या. मी वही काढली — वॉरंटी, आवाज, तापते किती, एकेक रकाना. वजनही हवं होतं, म्हणून त्यांच्या पार्सलच्या काट्यावर ठेवली. खोक्यावर छापलेल्या वजनाशी ताडलं तर काटा चार ग्रॅम जास्त दाखवतोय! सांगितलं त्यांना. म्हणाल्या, काका, तुम्ही डिस्क घ्यायला आलात की धाड घालायला?

पाच वर्षांची वॉरंटी आहे म्हणे. म्हटलं, आणि फोटो गेले तर? तर कंपनी नवी डिस्क देते. आणि फोटो? फोटो नाही देत. मी हसलो. बऱ्याच दिवसांनी कुणासमोर मोठ्याने हसलो, स्वतःलाच कसंसं वाटलं.

निघताना मात्र बाई गंभीरपणे म्हणाल्या, "भरवशाची डिस्क असं काही नसतं, काका. दोन घ्या. एक इथे ठेवा, एक दुसऱ्या घरी." आग, पाणी, चोरी — एक घर गेलं तरी दुसरं राहतं.

दुसरं घर म्हटल्यावर मला एकच आठवलं.

काही न घेता परत आलो.

८ ऑक्टोबर

लेकीचा फोन. घेतली का? ठरवतोय. बरं, उद्या करते.

९ ऑक्टोबर

लेकीचा फोन. अजून ठरवतोय. मागे ही कुणाशी तरी बोलत होती, सर्दी झाल्यासारखा आवाज.

११ ऑक्टोबर, सोमवार

खरं सांगायचं तर ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. पहिल्या दिवशीच ठरलं होतं. पण एरवी फक्त रविवारी येणारा फोन आता रोज येतोय, आणि डिस्क घेतली की बंद होईल. म्हणून मी घेत नव्हतो. लाज वाटते लिहायला. आत फोटो मरतायत आणि म्हातारा फोनची वाट बघतोय!

जावई म्हणाले, कोणतीही घ्या, सगळ्या सारख्याच, नाहीतर मीच इथून पाठवतो. सगळ्या सारख्याच म्हणे! नको म्हटलं.

आज कॉम्प्युटर उघडायला चाळीस मिनिटं लागली. घाबरलो आणि धावत जाऊन दोन घेऊन आलो. एक कॉम्प्युटरमध्ये बसवायची, एक हातात मावेल एवढी, बाहेरून जोडायची. ती हिच्यासाठी.

बाईंनी बजावलं आहे — जुनी शेवटच्या घटका मोजतेय. सगळं काढायला बसू नका, मध्येच मान टाकेल. महत्त्वाचं तेवढं आधी घ्या.

१३ ऑक्टोबर

महत्त्वाचं म्हणजे ज्या फोटोत ही आहे ते. एवढं ठरवायला मला वेळ लागला नाही.

कॉपी करायला गेलं की जुनी डिस्क कुरकुरते आणि सगळंच अडतं. एका फोटोला दहा-दहा मिनिटं. मग युक्ती सापडली! माउसचं उजवं बटण दाबून फोटो ओढायचा, हिच्या नव्या डिस्कवर सोडायचा, जी यादी येते तिच्यातला शेवटून दुसरा पर्याय घ्यायचा. झटक्यात काम. फोटो तिथे जाऊन बसतो, कोपऱ्यात छोटासा बाण येतो. दाबला की उघडतो. अडलेलं घोडं एकदाचं चाललं.

नुसते नंबर पाठवायचे बरं वाटेना. म्हणून तिथे बसलेल्या प्रत्येक फोटोच्या नावातच, नंबरापुढे, जे आठवतं ते लिहितोय.

"१७ — पहिली खोली. स्टोव्ह पेटत नव्हता. उपाशी होतो तरी ही हसतेय."

"८८ — लेकीचा ताप उतरला ती सकाळ. ही बसल्या बसल्या झोपलीय. मी उठवलं नाही, फोटो काढला. पांघरूण घालायला हवं होतं."

१६ ऑक्टोबर, शनिवार

तीनशेच्या वर झाले. पाठ मोडली.

एक गोष्ट ध्यानात आली. अर्ध्या फोटोंत ही कडेला आहे. हातात कुणाचं तरी ताट, कुणाचं तरी पोर, कुणाची तरी पिशवी. मधोमध मी. अडतीस वर्षं हे फोटो घरात होते आणि स्कॅन करताना प्रत्येक माझ्या हातून गेला, पण तेव्हा मी नंबर घालत होतो.

"३४१ — गच्ची. पाठमोरी. माझ्यावर रागावलीय. बदलीला मी तिला न विचारताच हो म्हणून आलो होतो. चूक माझी."

हे तोंडाने कधी म्हणालो नाही. लिहायला सोपं गेलं.

२० ऑक्टोबर, बुधवार

झाले! सहाशे बारा.

रीतसर तपासणी केली. नग मोजले — सहाशे बारा. दर दहावा उघडून बघितला — एकसष्टच्या एकसष्ट स्वच्छ उघडले. माल पास! आणि एवढ्या सगळ्यांनी डिस्कची जागा काहीच घेतली नाही, जवळजवळ रिकामीच दिसतेय. बाईंनी उगाच एवढी मोठी गळ्यात मारली.

२३ ऑक्टोबर, शनिवार

बाईंनी घरी येऊन नवी डिस्क बसवली. जुनी काढताना विचारलं, यातलं सगळं घेतलंय ना काका? म्हटलं, मोजून घेतलंय. जुनी रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली.

हिच्या डिस्कवरचे सहाशे बारा नग इथल्या नव्या डिस्कवरही उतरवून घेतले आणि हिची कुरिअरने पाठवली. पाकिटावर लेकीचं नाही, हिचं नाव लिहिलं. पूर्ण नाव. आत चिठ्ठी घालायची होती. "अल्बम टाकायला नको होते" असं लिहिलं. फाडलं. मग दुसरी लिहिली — "६१२ नग. तपासून घ्यावेत." तीच घातली. सरकारी हात, दुसरं काय!

२६ ऑक्टोबर

नव्या डिस्कला आवाजच नाही. घर फारच गप्प झालंय. फोन नाही. काम झालं ना आता.

जुनी टकटकायची तेव्हा निदान खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं. आज दिवसभरात मी फक्त दूधवाल्याशी बोललो, तेही "अर्धा लिटर" एवढंच.

३० ऑक्टोबर, शनिवार

सकाळी लेकीचा फोन. पाकीट पोचलं. बाबा, एकही फोटो उघडत नाही.

म्हटलं, शक्य नाही, मी तपासलेत. इथल्या कॉम्प्युटरवरचे दाबून बघितले, तेही उघडेनात; मग जुनी डिस्क रुमालासकट उचलून दुकानात गेलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. कोपऱ्यात बाण होता का, विचारलं. होता. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला त्यांनी.

म्हणाल्या, "काका, तुम्ही नुसते पत्ते पाठवलेत. घरं सगळी जुन्या डिस्कवरच होती."

जुनी जोडलेली होती तोवर पत्त्यावर घर सापडत होतं, म्हणून एकसष्टच्या एकसष्ट उघडले. जुनी जोडून बघितली. टक्-टक्सुद्धा नाही. ज्यांच्याकडे अशा मेलेल्या डिस्क उघडतात त्यांना बाईंनी दाखवून आणली, मी दुपारभर दुकानातच बसून राहिलो. आतली चकती खरवडली गेलीय. काही निघणार नाही.

किती जागा घेतली ते बघितलं नव्हतं का, एवढंच बाईंनी विचारलं. बघितलं होतं. बघून हसलोही होतो. तीस वर्षं दुसऱ्यांची वजनं केली आणि घरचा माल नग मोजून पाठवला! वजन केलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. अल्बमही गेले, डिस्कही गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

लेकीला सांगितलं. आईला तू सांग म्हटलं. मला सांगता येईना. नऊ दिवस निवडत बसलो आणि त्याआधी फोनच्या लोभाने चार दिवस घालवले. ही पहिल्यांदा अल्बमच्या रागाने गेली असेल तर आता कायमची गेली.

२ नोव्हेंबर

काही नाही.

४ नोव्हेंबर, गुरुवार

फोन वाजला. नंबर लेकीचा, आवाज हिचा.

"अहो, नावं वाचली मी. सहाशे बाराच्या सहाशे बारा. तीनशे एक्केचाळीस चुकलंय. रागावले नव्हते मी तेव्हा, रडत होते. का ते फोनवर सांगण्यासारखं नाही. शनिवारी येते."

किती वाजता, एवढंच विचारलं.